अठारा कचेरीतील सेवक

बंगळूरच्या कबन पार्कच्या कडेला, विधानसौधाच्या बरोबर समोर, तांबड्या रंगाची एक लांबरुंद दुमजली इमारत उभी आहे. तिचे खांब ग्रीक धाटणीचे आहेत, आणि सकाळी तिच्या दारांतून काळ्या डगल्यांची जी रीघ लागते ती पाहिली की ही वास्तू न्यायदानाची आहे हे कोणाला सांगावे लागत नाही. कर्नाटकाचे उच्च न्यायालय येथे भरते. जुने बंगळूरकर मात्र या इमारतीला 'अठारा कचेरी' म्हणतात. हे नाव कानावर पडताच मराठी माणूस थबकतो. कानडी मुलुखात, कानडी माणसाच्या तोंडी असलेला हा आकडा कानडीतला नसावा, आणि त्याच्या पुढचा शब्द तर थेट पुण्या-साताऱ्याहून उठून आल्यासारखा वाटावा, याचे त्याला नवल वाटते.

हे नाव इमारतीपेक्षा जुने आहे. म्हैसूरचा राजा चिक्कदेवराज वोडेयर याने औरंगजेबाच्या दरबारी वकील पाठविले होते. ते १७०० च्या सुमारास परत आल्यावर त्याने मोगली धर्तीवर आपल्या कारभाराची अठरा खाती पाडली, असे कर्नल विल्क्सच्या म्हैसूरच्या इतिहासात नमूद आहे. त्यांत हुकमांची चावडी होती, जकातीची होती, खजिना आणि टांकसाळ होती, इतकेच काय, राजाच्या गोधनाचा हिशेब ठेवणारी 'बेण्णे चावडी', म्हणजे लोण्याचे खातेसुद्धा होते. पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत म्हैसूरच्या सरकारी हिशेबांत कानडीच्या जोडीने मराठीही चालत असे. बाउरिंगसाहेब म्हैसूरचे कमिशनर असताना, १८६४ ते १८६८ या काळात आजची इमारत बांधली गेली, आणि टिपूच्या जुन्या वाड्यात दाटीवाटीने बसलेली खाती तिच्यात आली. म्हैसूरचे चीफ कोर्ट १८८४ साली स्थापन झाले, १९३० साली त्याला उच्च न्यायालय हे नाव मिळाले. १९५६ साली विधानसौध पुरे झाल्यावर सचिवालयाची दप्तरे रस्त्यापलीकडे गेली आणि ही वास्तू न्यायालयाकडे राहिली. खाती गेली, तरी नाव मात्र टिकले.

ते टिकले हे एका अर्थी योग्यच झाले. न्यायालय म्हटले की डोळ्यांपुढे न्यायासन येते, वकिलांचे युक्तिवाद येतात, वर्तमानपत्रात छापून आलेला निकाल येतो. पण न्यायालय ही प्रथम एक कचेरी आहे, आणि न्यायाधीशाच्या एका वाक्यामागे त्या कचेरीतील दहा-बारा माणसांचे हात असतात. दावा दाखल करून घेणारा कारकून त्यातील उणिवा काढतो. मुद्रांक पुरेसा आहे की नाही ते पाहतो. क्रमांक घालतो. मग ती जुडी बोर्डावर घेणारा दुसरा, न्यायासनाखाली बसून पुकारा झालेल्या कामाची नोंद ठेवणारा तिसरा, निकाल लघुलिपीत उतरवून घेणारा चौथा, समन्स घेऊन गावोगाव फिरणारा पाचवा, संपलेल्या कामाची कागदपत्रे रुमालात बांधून दप्तरखान्यात ठेवणारा सहावा. पगडी घालून न्यायमूर्तींच्या पुढे चालणारा दफेदार सर्वांना दिसतो. बाकीचे कोणाला दिसत नाहीत. पक्षकाराला मात्र त्यांची नावे पाठ असतात. न्यायाधीशाचे तोंड त्याने वर्षातून दोनदा पाहिलेले असते. तारीख लिहून देणाऱ्याचे तो दर महिन्याला पाहतो.

या लहान माणसाच्या हातात किती मोठी गोष्ट असते, याचे एक उदाहरण नकलेचे घ्यावे. दिवाणी निकालावर अपील करायचे तर मुदत ठरलेली आहे: उच्च न्यायालयात नव्वद दिवस, खालच्या न्यायालयात तीस. पण निकालाची प्रमाणित नक्कल मिळविण्यास जो अवश्य काळ लागतो तो या मुदतीतून वजा होतो, अशी तरतूद १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील बाराव्या कलमात आहे. म्हणून प्रत्येक नकलेवर अर्ज केव्हा आला, नक्कल केव्हा तयार झाली, पक्षकाराला ती केव्हा दिली, अशा तारखा घातलेल्या असतात. त्या तारखा नक्कल खात्यातील कारकून लिहितो. दिसायला हे काम रेशनकार्डावर शिक्का मारण्याइतके साधे आहे. पण त्यातल्या एका तारखेवर कोणाच्या तरी वडिलोपार्जित जमिनीचे अपील मुदतीत आहे की मुदतीबाहेर, हे ठरत असते. नक्कल तयार असून ती तयार नसल्याचे कारकुनाने तोंडी सांगितले, आणि पक्षकार आठ दिवसांनी परत आला, तर ते आठ दिवस कोणाच्या पदरात घालायचे? कायद्याची पुस्तके या प्रश्नाला लांबलचक उत्तरे देतात. त्या कारकुनाने खरे सांगितले असते तर त्या उत्तरांची गरजच पडली नसती.

पंजाबातील एक खटला या बाबतीत सर्व वकिलांना ठाऊक असतो. जमीन प्रथम विकत घेण्याच्या हक्काच्या दाव्यात न्यायालयाने वादीला ५,९५१ रुपयांतून आधी भरलेले १,००० रुपये वजा करून बाकीची रक्कम ठरलेल्या मुदतीत भरण्यास सांगितले. वादीने रक्कम भरण्यासाठी अर्ज केला, कचेरीने चलन तयार करून दिले, आणि त्या चलनात ४,९५१ ऐवजी ४,९५० असा आकडा पडला. वादीने चलनाप्रमाणे पैसे भरले. एक रुपया कमी पडला म्हणून त्याचा दावा बुडाला असे प्रतिपक्षाने म्हटले, आणि तो एक रुपया पायरी पायरी चढत दिल्लीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६३ साली त्या न्यायालयाने निर्णय दिला की न्यायालयाच्या स्वतःच्या चुकीने कोणाही पक्षकाराचे नुकसान होता कामा नये, आणि वादीला तो एक रुपया भरण्याची मुभा मिळाली. तत्त्व मोठे आहे यात शंका नाही. पण आकडा चुकला त्या दिवशी त्या टेबलावर काय चालले होते हे कोणत्याच निकालपत्रात येत नाही, येण्याचे कारणही नाही.

आणि टेबलावर पुष्कळ काही चालत असते. कोणत्याही कचेरीत चालते तेच: रजा कोणाला मिळाली, बढती कोणाची अडली, साहेबाचा कान कोणाच्या बाजूला आहे. न्यायालयात त्यात काही खास गोष्टींची भर पडते. न्यायासनाखाली बसणारा कारकून आणि निकाल उतरवून घेणारा लघुलेखक यांचे काम एकमेकांवर अवलंबून असते, पण त्यांच्या कामाचे घड्याळ वेगळे असते. न्यायालय उठले की कारकुनाचा दिवस उताराला लागतो, लघुलेखकाचा तेव्हा सुरू होतो. पुष्कळदा न्यायमूर्तींच्या बंगल्यावर तो रात्रीपर्यंत बसलेला असतो. नाझर समन्स वाटून देतो, पण उन्हातान्हात फिरून, दारावरचा कुत्रा आणि घरधन्याच्या शिव्या सोसून ते बजावतो दुसराच. दाखल करून घेणाऱ्याने उणीव काढली नाही तर ती बोर्डावर घेणाऱ्याच्या अंगावर शेकते, आणि ती काढली तर वकील त्याच्या अंगावर येतो. अशी माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली, म्हणजे तोंडी दोन शब्दांत होणारे काम कागदावर होऊ लागते. 'सदर जुडी आपणांकडे पाठविली असता पोच मिळाली नाही' असे शेरे सुरू होतात. दोन टेबलांमध्ये अंतर असते चार हातांचे, पण ते ओलांडायला जुडीला आठवडा लागतो. कोलार किंवा तुमकूरहून आलेला पक्षकार व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहतो. त्याला कारण कोणी सांगत नाही. वकिलाच्या गुमास्त्याला ते ठाऊक असते, पण तोही सांगत नाही, कारण त्याला उद्या त्याच दोघांशी काम आहे.

अशा भांडणांत सर्वांत अवघड भांडण वेगळेच असते. खात्यातील चारजण पक्षकाराकडून चहापाण्याला म्हणून काही घेतात, आणि पाचवा घेत नाही. पाचव्याने कोणाची तक्रार केलेली नसते. तो फक्त घेत नाही. तरी त्याच्या न घेण्याने बाकीचे अस्वस्थ होतात. तो माणूसघाणा आहे, शिष्ट आहे, त्याला खात्याची रीत कळत नाही, असे प्रथम हळूहळू आणि मग उघडपणे बोलले जाते. पुढे वरिष्ठांकडे एक निनावी अर्ज येतो, आणि त्यात लाचखोर म्हणून नाव असते ते नेमके या पाचव्याचे. येथे वरिष्ठाची कसोटी लागते. चौकशी करायची म्हणजे आरोपपत्र, चौकशी अधिकारी, साक्षी, उलटतपासणी. साक्षीदार कोण, तर तेच चौघे. त्यापेक्षा सोपा मार्ग हाताशी असतो, तो म्हणजे बदली. बदलीत कोणाला दोषी ठरवावे लागत नाही, आणि कोणाला निर्दोषही ठरवावे लागत नाही. ज्या घरात पुराव्यावाचून कोणाला शिक्षा होत नाही, त्या घरात पुराव्यावाचून माणूस शंभर मैलांवर जातो, आणि त्याला कागदोपत्री शिक्षा म्हणत नाहीत. समोरच्या विधानसौधाच्या दर्शनी भागावर 'सरकारी काम म्हणजे देवाचे काम' अशा अर्थाचे वाक्य कोरलेले आहे. बांधणाऱ्यांची भावना थोर होती. तरी देवाच्या कामात देवळातल्या पुजाऱ्यांची भांडणे होत नाहीत, असे भाविकांनाही वाटत नसेल.

स्त्रिया लघुलेखक आणि कारकून म्हणून न्यायालयांत मोठ्या संख्येने आल्या, तेव्हा या वर्तनाच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात कामाच्या जागी स्त्रियांच्या छळाविरुद्ध तक्रार समिती नेमण्याचे दंडक घालून दिले, आणि २०१३ साली त्याचा कायदा झाला. दंडक देशातील सर्व कचेऱ्यांसाठी होते. ते घालून देणारे न्यायालय हीदेखील एक कचेरीच होती.

महाराष्ट्राला लागून असलेल्या जिल्ह्यांच्या दृष्टीने या अठारा कचेरीच्या इतिहासातील सर्वांत मोठा दिवस म्हणजे १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी भाषावार राज्ये झाली आणि नवे म्हैसूर राज्य पाच तुकड्यांचे बनले: जुने म्हैसूर संस्थान, मुंबई राज्यातील बेळगाव, विजापूर, धारवाड व उत्तर कानडा, हैदराबादकडील गुलबर्गा, रायचूर व बीदर, मद्रासकडील दक्षिण कानडा, आणि लहानसा कूर्ग. नकाशावर रेघ ओढायला एक रात्र पुरली. पण प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची न्यायालये आली, न्यायालयांबरोबर कारकून, आणि कारकुनांबरोबर त्यांच्या सवयी. मुंबईकडे ज्याला दिवाणी न्यायाधीश म्हणत, त्याला म्हैसूरकडे मुन्सफ म्हणत. मुंबईकडचा बेलीफ म्हैसूरकडे अमीन होता. मुंबईकडे कामाचा रोजनामा ज्या रीतीने लिहीत त्या रीतीने तो म्हैसूरकडे लिहीत नसत. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील जुने दस्तऐवज मराठीत, त्यांतले कित्येक मोडीत. ते वाचू शकणारा कारकून एका बाजूने खात्याचा आधार, आणि दुसऱ्या बाजूने नव्या राज्यात जरा परका. बेळगावहून मुंबई आणि बंगळूर ही दोन्ही शहरे साधारण सारख्याच अंतरावर, पाचशे किलोमीटरच्या आसपास. पण एका दिशेला आजवरची ओळखपाळख होती, आणि दुसऱ्या दिशेला ती नव्याने करायची होती.

भांडण भाषेवरून झाले असते तर ते निदान समजण्यासारखे होते. प्रत्यक्षात सर्वांत कडवट भांडण झाले ज्येष्ठतेच्या यादीवरून, आणि ते सर्वच सरकारी खात्यांत झाले. एका राज्यातला वरिष्ठ कारकून दुसऱ्या राज्यातल्या कोणत्या कारकुनाच्या बरोबरीचा? पगार सारखा पण काम वेगळे असेल तर काय करायचे? एकाची बढती परीक्षेने झालेली आणि दुसऱ्याची वयाने, तर पुढे कोणी बसायचे? १९५६ च्या मे महिन्यात मुंबईला निरनिराळ्या राज्यांच्या मुख्य सचिवांची परिषद भरली आणि तिने पदांची बरोबरी ठरविण्याच्या कसोट्या नेमून दिल्या: कामाचे स्वरूप, अंगावरची जबाबदारी व अधिकार, पदासाठी लागणारी किमान पात्रता, आणि सर्वांत शेवटी पगार. पगार शेवटी ठेवला यात शहाणपण होते. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यातील ११५ व्या कलमाने असेही सांगितले की केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून कोणाच्याही नोकरीच्या अटी त्याला तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नाहीत. कागदावर याहून न्याय्य व्यवस्था सुचणे कठीण. तरी म्हैसूर राज्यातील या याद्यांवरचे खटले पुढे वर्षानुवर्षे चालले आणि त्यांतले कित्येक दिल्लीपर्यंत गेले. पन्नाशीला आलेला माणूस यादीत आपले नाव शोधतो आणि काल त्याच्या हाताखाली शिकलेल्या, पण दुसऱ्या राज्याच्या नियमाने आधी बढती मिळालेल्या मुलाचे नाव त्याला आपल्या वर दिसते. त्याच्या मनात काय होते ते कसोट्यांच्या यादीत बसत नाही. तो कामात चुकारपणा करतो असे नाही. पण त्या मुलाला काही विचारायला जात नाही, आणि मुलगाही त्याला विचारायला येत नाही.

आता प्रश्न असा की न्यायालयाच्या नोकरावर अन्याय झाला तर त्याने दाद कोणाकडे मागायची? महसूल खात्यातला कारकून सरकारविरुद्ध न्यायालयात जाऊ शकतो. त्याचा धनी एक आणि न्यायाधीश दुसरा. उच्च न्यायालयाच्या नोकराचे तसे नाही. घटनेच्या २२९ व्या कलमाप्रमाणे त्याची नेमणूक मुख्य न्यायमूर्ती करतात किंवा त्यांनी सांगितलेला न्यायमूर्ती वा अधिकारी करतो. त्याच्या नोकरीचे नियमही तेच करतात. फक्त पगार, रजा, निवृत्तिवेतन यांच्या नियमांना राज्यपालांची मान्यता लागते. नेमणाऱ्याच्या अधिकारात काढून टाकणेही येते, हे कलकत्त्याच्या उच्च न्यायालयातील एका बड्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पन्नासच्या दशकातच स्पष्ट केले. तेथे चौकशी त्याच न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी केली होती आणि बडतर्फीचा हुकूम मुख्य न्यायमूर्तींचा होता. यामागे घटनाकारांचा हेतू चांगला होता: न्यायालयाचा शिपाईसुद्धा सरकारच्या मर्जीवर असू नये, म्हणजे न्यायालय सरकारला भिणार नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की नोकर रिट अर्ज करतो तो आपल्याच धन्याच्या घरात, आणि तो अर्ज दाखल करून घेणारा कारकून त्याचाच सहकारी असतो. न्यायमूर्ती अशा अर्जांत आपल्याच घराविरुद्ध निकाल देतात, देत आलेले आहेत. तरी अर्ज करणाऱ्याला धैर्य लागते ते लागतेच.

बंगळूरच्या या इमारतीतच अशा धैर्याची आणि त्या घराच्या निःपक्षपातीपणाची परीक्षा झाली. तेथील एका मुख्य न्यायमूर्तींनी शेकडो कारकून आणि टंकलेखक नेमले होते. राज्यातील खालच्या न्यायालयांतील अशा जागा लोकसेवा आयोगामार्फत भराव्यात असा नियम होता. तो टाळण्याची वाट अशी काढली गेली की माणसाला आधी उच्च न्यायालयाच्या आस्थापनेवर नेमायचे, कारण तेथे मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार निर्विवाद, आणि मग त्याची बदली जिल्ह्यातील न्यायालयात करायची. पुढल्या दाराला कुलूप होते, म्हणून माणसे दिवाणखान्यातून फिरवून मागल्या अंगणात आणली. या नेमणुकांना आव्हान मिळाले ते त्याच उच्च न्यायालयात, आणि त्या न्यायालयाने आपल्याच माजी प्रमुखाने केलेल्या नेमणुका रद्द ठरविल्या. हा निर्णय लहान नव्हता. ज्यांच्या नेमणुका रद्द झाल्या ते दिल्लीला गेले.

सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली निकाल दिला. नेमणुकांची पद्धत त्यानेही बेकायदा ठरविली, आणि अशी भरती दुसरीकडे कोठे झाल्याचे ऐकिवात नाही अशा आशयाचे कठोर शब्द वापरले. पण पुढे त्याने त्या माणसांकडे पाहिले. त्यांची नोकरी दहा वर्षांच्या घरात गेलेली होती. पुष्कळजण किमान पात्रतेहून अधिक शिकलेले, पदवीधर होते. वयाची मर्यादा उलटून गेल्याने दुसरीकडे नोकरी मिळण्याची आशा नव्हती, आणि त्यांच्या पगारावर घरे उभी होती. चूक नेमणाऱ्याची, तिची शिक्षा नेमल्या गेलेल्यांना का? या विचाराने न्यायालयाने त्यांच्या नेमणुका नियमित समजाव्यात आणि मागील नोकरीचे लाभही द्यावेत असा आदेश दिला.

या निकालाने त्या शेकडो घरांतील चूल विझली नाही, आणि याबद्दल कोणालाही वाईट वाटण्याचे कारण नाही. तरी त्या निकालात एक माणूस दिसत नाही. तो म्हणजे लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीची वाट पाहत बसलेला उमेदवार, ज्याला मुख्य न्यायमूर्तींच्या कचेरीचा रस्ता ठाऊक नव्हता. त्या जागा त्याच्याही होत्या. त्याचे वयही त्या दहा वर्षांत उलटले. पण तो न्यायालयासमोर नव्हता, आणि जो समोर नाही त्याच्याविषयी दया दाखविणे न्यायाधीशाला फार अवघड जाते. खात्याच्या आतही हा निकाल दोन रीतींनी वाचला गेला असला पाहिजे: आयोगाची परीक्षा देऊन आलेल्याने एका रीतीने, आणि तशी न देता आलेल्याने दुसऱ्या. दोघांची टेबले शेजारी शेजारी.

योगायोग असा की या प्रश्नावरचा मोठा निकालही पुढे कर्नाटकातूनच आला. तेथील रोजंदारी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की स्पर्धेवाचून, मागल्या दाराने झालेल्या नेमणुका केवळ बरीच वर्षे गेली म्हणून कायम होत नाहीत. न्यायालयांनी दयेपोटी असे आदेश देत राहू नये. मंजूर आणि रिकाम्या जागेवर, अंगी पात्रता असताना, न्यायालयाच्या आदेशाच्या आधाराशिवाय दहा वर्षे काम केलेल्यांसाठी तेवढी एकदाची सवलत ठेवली. येथे तो न दिसणारा उमेदवार निकालपत्रात आला. उमाबाई किंवा पुट्टप्पा कोणी असो, रस्त्यावर उभा राहून वाट पाहणारा कोट्यवधींचा समुदाय या पाच न्यायमूर्तींना दिसत होता, असे त्या निकालावरून म्हणता येते.

पगाराची गोष्टही याच शहराशी जुळलेली आहे. कर्नाटकाच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती असलेले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले के. जगन्नाथ शेट्टी यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ साली पहिला राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग नेमला गेला. न्यायाधीशांच्या पगाराविषयीचा त्याचा अहवाल १९९९ साली आला. खालच्या न्यायालयांतील कारकून, लघुलेखक, बेलीफ, शिपाई यांच्याविषयीचा अहवाल यायला २००३ उजाडले. हा क्रम स्वाभाविक म्हणायचा की सूचक, ते ज्याने त्याने ठरवावे. आयोगाच्या शिफारशी राज्यांनी आपणहून फारशा उचलल्या नाहीत. कोणी तिजोरीकडे बोट दाखविले, कोणी आपल्या राज्याच्या वेतनश्रेणी पुरेशा आहेत असे सांगितले. अखेर ऑक्टोबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांची अंमलबजावणी १ एप्रिल २००३ पासून करा असे राज्यांना सांगावे लागले. म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळाची थकबाकी निघाली. त्या काळात पुष्कळजण निवृत्त झाले होते. इतरांच्या कामाच्या तारखा लिहून देण्यात ज्यांची हयात गेली, ते या तारखेसाठी सेवापुस्तकाची नक्कल मागायला आपल्या जुन्या खात्याच्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले, आणि आतल्या नव्या माणसाने त्यांना अर्जावर मुद्रांक लावून आणण्यास सांगितले.